हिरव्या गाडीचे जंपर

बाबा घरी बसले असं लोक म्हणायचे, पण त्या वर्षी मी त्यांना बसलेलं क्वचितच पाहिलं. बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या कारखान्यातून त्यांनी मुदतीच्या कितीतरी आधी निवृत्ती घेतली होती आणि सकाळी उठून कामावर जायची सवय काही त्यांच्या अंगातून निघत नव्हती. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते समामधल्या आमच्या घराच्या गच्चीवर येरझाऱ्या घालायचे. त्यांच्या चपलांचा सपक सपक आवाज खाली स्वयंपाकघरात यायचा आणि पोळ्या लाटता लाटता आई छताकडे बघायची. थोड्या वेळाने ते खाली येत आणि काहीतरी खोलायला घेत. नळ, पंख्याचं बटण, इस्त्री. एकदा त्यांनी मिक्सर उघडला. आई म्हणाली, "अहो, तो चालतोय." बाबा म्हणाले, "आवाज करतोय." "मिक्सर आवाज करणारच ना?" तरी मिक्सर दोन दिवस वर्तमानपत्रावर सुटा पडून राहिला आणि आईने चटणी पाट्यावर वाटली.

मी स्वतःही काही शांत नव्हते. इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष होतं. मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही मोजून दोघी मुली, त्यातली दुसरी अमेरिकेला जायच्या तयारीत. वर्गातला जो भेटेल तो कुठेतरी निघालेला असायचा. शहरातही तेच. काल नव्हती ती दुकानं आज दिसत, शेजारच्या जशुभाईंच्या गच्चीवर केबलची तार आली, आणि संध्याकाळी त्यांच्या घरातून एकाच वेळी दोन-तीन भाषांतल्या मालिका ऐकू यायच्या. पुण्याजवळच्या एका गाड्यांच्या कारखान्यात माझी शिकाऊ इंजिनीअर म्हणून निवड झाली होती. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आईने साखर हातावर ठेवली. बाबा म्हणाले, "बघू." दांडिया बाजारातल्या मामांनी त्याच आठवड्यात एक स्थळ आणलं, त्यावरही ते म्हणाले, "बघू." या एका शब्दाने मला इतकं पछाडलं होतं की कॉलेजात कुणी सहज "बघू" म्हणालं तरी माझ्या कपाळावर आठी यायची.

गाडी आमच्याकडे मी लहान असल्यापासून होती. इंग्लंडात बनलेली, गर्द हिरव्या रंगाची, उघड्या टपाची, दोन माणसांची. बडोद्यातले एक डॉक्टर परदेशी जाताना ती बाबांच्या गळ्यात मारून गेले होते, असं आई म्हणायची. आईचा त्या गाडीवर राग होता आणि त्याचं कारण साधं होतं. घरात माणसं तीन आणि गाडीत जागा दोन. तिच्या लेखी ज्या गाडीत घर मावत नाही ती गाडी नव्हेच. ती दांडिया बाजारातल्या मराठी शाळेत भूगोल शिकवायची आणि रोज बसने जायची. एवढ्या वर्षांत ती त्या गाडीत एकदाही बसली नव्हती. मी मात्र गाडी शिकले ती त्याच गाडीवर. जिना उतरून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलं की जुनं चामडं, पेट्रोल आणि धूळ यांचा जो एकत्र वास येई, तो मला अजून कधीकधी भलत्याच ठिकाणी येतो आणि मी दचकून आजूबाजूला बघते.

त्या हिवाळ्यात बाबांचे धाकटे भाऊ, मोहनकाका, इंग्लंडहून आले आणि त्यांच्या बॅगेतून स्वेटरांत गुंडाळलेले चार जंपर निघाले. पुस्तकात ज्याला शॉक अब्सॉर्बर म्हणतात त्याला आमच्याकडचे गॅरेजवाले जंपर म्हणत. चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंग दबते आणि मग उसळते. ती उसळी आवरायचं काम जंपरचं. आमचे जुने जंपर तेल गळून मेले होते, त्यामुळे गाडी एका खड्ड्यावर आदळली की पुढचा अर्धा फर्लांग होडीसारखी हलत राही. हे नवे जंपर वेगळे होते. प्रत्येकाच्या बुडाशी एक चकती होती. ती फिरवली की टक् असा आवाज येई, आणि प्रत्येक टक् बरोबर जंपर थोडा कडक होई. उलटी फिरवली की नरम. पुढच्या दोन जंपरवर नव्या स्प्रिंगा बसणार होत्या, आणि त्यांच्याखाली आटे पाडलेली एक कडी होती. ती वर चढवली की गाडीचं नाक उंच, खाली आणली की बुटकं. बाबांनी एक जंपर हातात घेतला, चकती कानाशी नेऊन फिरवली, आणि कित्येक महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहिलं.

आठवडाभर आम्ही दोघं शेडमध्ये होतो. जॅक लावून, चाकं काढून, गंजलेले नट रॉकेलमध्ये भिजवून ठेवून एकेक जुना जंपर सोडवला. नवे बसवले. मग गाडीची उंची जुळवायची वेळ आली. बाबा म्हणाले, रिकाम्या गाडीची उंची मोजण्यात अर्थ नाही, आत माणसं बसल्यावर ती किती दबते ते बघायला हवं. माणसं म्हणजे आम्ही दोघं, आणि मोजायलाही आम्ही दोघंच. बाबांनी घरातून गव्हाची गोणी आणली आणि माझ्या जागी ठेवली. स्वतःच्या जागी तांदळाची ठेवून वर माझी जाडजूड पुस्तकं रचली. तेवढ्यात आई शाळेतून आली. तिने शेडमध्ये डोकावून पाहिलं. "गव्हालाही फिरवून आणणार आहात का?" ती म्हणाली. "मी अजून गेले नाही कुठं." बाबा टेप धरून चाकापाशी वाकले होते. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते म्हणाले, "मंजू, डावीकडची कडी अजून जरा वर घे."

इथून पुढे आमच्या रविवारांना एक वळण लागलं. सकाळी ऊन कोवळं असताना आम्ही डभोईच्या रस्त्याला निघायचो. मी चालवायची आणि बाबा शेजारी डोळे मिटून बसायचे. डोळे उघडे असले की खड्डा आधीच दिसतो आणि शरीर सावध होतं, मग गाडीचं खरं वागणं कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. वाटेत एक लांबलचक डावं वळण होतं आणि वळण संपता संपता नॅरोगेजच्या रुळांचं फाटक. छोटी आगगाडी तिथून क्वचितच जायची, पण रूळ रस्त्याच्या वर उठून आलेले होते. वळण आणि उसळी दोन्ही एकाच जागी. बाबांना ती जागा फार आवडली. आम्ही तिथून पुन्हा पुन्हा जायचो. जाऊन आलं की बाबा उतरून चाकांशी वाकत, टक् टक् करत, आणि म्हणत, "आता चल." परतताना सेव-उसळ खायला थांबायचो. तर्रीने डोळ्यांत पाणी यायचं, हात पिवळे व्हायचे, आणि बाबा पावाचा तुकडा हातात तसाच ठेवून गाडीकडे बघत राहायचे. गावात जुन्या गाड्यांचा एक मेळावा होणार होता. त्यात मैदानावर डबे मांडून त्यांच्यामधून नागमोडी गाडी न्यायची शर्यत होती. ती आपण जिंकायचीच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं, पण मलाही ते हवं होतं. निदान एक गोष्ट तरी "बघू"च्या पलीकडे गेली होती.

आज मागे वळून बघताना मला कळतं की आमचं काम पहिल्यापासून चुकत होतं. पुढे नोकरीत मी वर्षानुवर्षं हेच केलं, गाड्यांच्या स्प्रिंगा आणि जंपर जुळवले, आणि हाताखालच्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी सांगितलं की एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते मोठ्याने बोला. बाबा एका वेळी चार गोष्टी बदलायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. त्यामुळे गाडी एका रविवारी लोण्यासारखी वळायची आणि दुसऱ्या रविवारी बैलासारखी आडमुठी व्हायची. का, ते दोघांनाही सांगता येत नसे. बाबांची चिडचिड वाढत गेली. ते मधल्या वारीही शेडमध्ये जाऊन बसू लागले. मी अभ्यास करत असले की खालून टक् टक् ऐकू यायचं, आणि माझं वाचनावरचं लक्ष उडायचं.

मेळाव्याच्या आधीच्या रविवारी आम्ही नेहमीसारखे निघालो आणि वळणाच्या अलीकडे टपरीवर चहाला थांबलो. वळण मला पाठ झालं होतं. कुठे ब्रेक सोडायचा, कुठे स्टिअरिंग थोडं सैल करायचं, सगळं हातांत बसलं होतं. मी त्याच वेगाने वळणात शिरले आणि पहिल्याच क्षणी मला सीटखाली काहीतरी परकं लागलं. गाडीचा मागचा भाग दगडासारखा झाला होता. रूळ आले. मागची चाकं रुळांवर आपटली आणि चक्क रस्ता सोडून उडाली. खाली टेकली तेव्हा गाडीची शेपटी माझ्या हातात राहिलेली नव्हती. समोर रस्ता होता तिथे एरंडाचं शेत आलं, मग आभाळ, मग पुन्हा आम्ही ज्या बाजूने आलो तो रस्ता. बाभळीच्या काट्यांचं कुंपण मोडल्याचा आवाज झाला आणि सगळं थांबलं. इंजिन बंद पडलं होतं. धूळ हळूहळू खाली बसत होती. बाबा दरवाजावर कलंडले होते आणि डावा हात उजव्या हाताने छातीशी धरून अगदी सावकाश श्वास घेत होते.

"लागलं का तुला?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्हाला?"

"हात उचलता येत नाहीये."

एका दूधवाल्याच्या टेम्पोतून मी त्यांना दवाखान्यात आणलं. खांद्याजवळचं गळ्याचं हाड मोडलं होतं. आई रिक्षाने धावत आली, तेव्हा मी बाकावर बसले होते. मी तिला सांगितलं की माझ्या हातून गाडी सुटली, मी कशी सोडली तेच मला कळत नाही. तिने माझ्या केसांतली एरंडाची पानं काढली. आत पलंगावर बाबांनी हे ऐकलं असणार. दोघांमध्ये एक पडदा तेवढा होता.

गाडी दोन दिवसांनी ट्रॅक्टरला बांधून आली. जशुभाईंनी ती सोय केली. त्यांची हार्डवेअरची वखार होती आणि त्यांचे ओळखीचे लोक प्रत्येक गावात असत. "शुं थयुं, बेन? तू तो एक्सपर्ट छे," त्यांनी काय झालं ते विचारलं, आणि मला रडू आलं. ते गेल्यावर मी शेडमध्ये गेले. काय मोडलंय ते बघावं म्हणून गाडीखाली सरकले. पत्रा चेपला होता, बाकी फारसं काही नव्हतं. सहज हात गेला म्हणून मी मागच्या उजव्या जंपरची चकती कडक बाजूला फिरवून पाहिली. ती फिरेना. डावीकडची पाहिली. तीही फिरेना. दोन्ही शेवटच्या टोकाला होत्या. त्याच्या पुढे टक् नव्हतंच. अपघाताच्या आदल्या रात्री मीच त्या मधोमध ठेवल्या होत्या, हे मला लख्ख आठवत होतं.

मी तशीच वर गेले. हात काळे, कपड्यांना माती. बाबा हात गळ्यात अडकवून खुर्चीत बसले होते, आई त्यांना पेज भरवत होती.

"बाबा, मागचे दोन्ही जंपर शेवटपर्यंत कडक आहेत."

बाबांनी चमच्यापासून तोंड फिरवलं.

"म्हणजे काय?" आईने विचारलं.

मी तिला सांगितलं. जंपर इतके कडक केले की चाक रस्त्याला धरून राहत नाही, उसळलं की हवेत जातं, आणि वळणात चाक हवेत गेलं की मग गाडी कुणाच्याच हातात राहत नाही.

"कुणी केले?"

"मी केले," बाबा म्हणाले. "रविवारी सकाळी, ही टपरीवर चहा पीत होती तेव्हा."

"आणि तिला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर ती सावध झाली असती. हळू गेली असती. मग खरा फरक कळला नसता."

आईने पेजेची वाटी खाली ठेवली. तिचा आवाज मी तिच्या शाळेत शिकताना वर्गातसुद्धा कधी चढलेला ऐकला नव्हता, आणि तेव्हाही तो चढला नाही. "पोर गाडी चालवत होती," ती म्हणाली. "तिचा जीव तिच्या हातात होता असं तिला वाटत होतं, आणि तुम्ही खालून तो काढून घेतलात. कारखान्यातही तुम्ही हेच केलंत. तुमच्या खात्यातली माणसं कमी करायची म्हणाले, तेव्हा तुम्ही दुसऱ्यांना पाठवायचं सोडून स्वतः निघालात. चांगलं केलंत. मी नाही म्हटलं असतं का? पण मला कळलं कधी? तुम्ही डबा घेऊन दुपारीच घरी आलात तेव्हा. डबा भरलेला होता. मी उघडून बघितला आणि मला वाटलं, भाजी बिघडली." ती थांबली. "आणि आता हिचं पुणं. त्यावर बघू. कोण बघणार आहे, अहो? तुम्ही एकटेच?"

जशुभाईंच्या घरातून मालिकेचं संगीत येत होतं. बाबा म्हणाले, "डबा मी कारखान्याच्या दाराशी बसून खाणार होतो. घशाखाली उतरला नाही." एवढंच. त्या दिवसानंतरच आईला कारखान्याबद्दल एकेक गोष्ट कळत गेली. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना ते सांगत असत, आणि ती ऐकत असे.

मेळावा अवकाळी पाऊस आणि परवानग्या यांच्या घोळात महिनाभर पुढे गेला होता. गाडीचा पत्रा ठोकून सरळ झाला. एका संध्याकाळी बाबा शेडच्या दाराशी आले आणि मला म्हणाले, "तू जुळव. मी हात लावणार नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि पुण्याचं तू ठरव. मी काय म्हणतो ते हवं असेल तर विचार."

"काय म्हणता?"

"जा, म्हणतो."

मी चारही चकत्या अगदी नरम बाजूला नेऊन पहिल्यापासून सुरुवात केली. प्रश्न होता तो शेजारच्या जागेचा. मोडलेलं हाड घेऊन बाबांना बसता येईना आणि गोणी काही सांगू शकत नाही. आईने डोक्याला रुमाल बांधला आणि दरवाजा उघडून आत बसली. बसताना तिने साडी अशी सावरली जशी परक्याच्या घरात सावरतात. पहिल्या रविवारी फाटकावरून गेलो तेव्हा ती म्हणाली, "बोटीतल्यासारखं पोटात ढवळतंय." मी मागची जोडी दोन टक् कडक केली आणि तिला तसं सांगितलं. "आता पोट जाग्यावर आहे, पण पाठीत कुणीतरी कोपर मारतंय." मग पुढची जोडी एक टक् नरम. घरी आलो की बाबा घराच्या दाराशी उभे असत. ते तिला विचारत, "कसं वाटलं?" ती सांगे. ते म्हणत, "कोपर कुठे? कंबरेत की खांद्यात?" ती विचार करून उत्तर देई. त्यांचं एवढं लांब बोलणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. मला जेवायला वाढायचं दोघंही विसरत, आणि मी भाकरवडीचा डबा काढून उभ्यानेच खायची.

मेळाव्याच्या दिवशी मैदानात झेंडे लागले होते, ध्वनिवर्धकावर कुणीतरी तीन भाषांत एकदम बोलत होतं. गाडी मी चालवली, शेजारी आई बसली, आणि बाबा जशुभाईंच्या स्कूटरवरून आले. डब्यांमधून आम्ही आत-बाहेर वळत गेलो. गाडी थोडी झुकायची, पण चारही चाकं जमीन धरून होती, आणि प्रत्येक वळणाला आई पुटपुटत होती, "छान. छान. आता जरा जोरात." शेवटी एक डबा पडला. मोठाल्या, महागड्या गाड्यांमध्ये आमचा नंबर तिसरा आला. बाबा दोरीपलीकडे मागेपुढे करत होते आणि डबा पडला तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. मोडका हात मारला आणि मग कळवळले.

त्यानंतर एक गृहस्थ आमच्याकडे आले. अहमदाबादचे होते, पांढरे बूट, गळ्यात कॅमेरा. त्यांनी गाडीखाली वाकून स्प्रिंगा पाहिल्या, बाबांना दोन-चार प्रश्न विचारले आणि तिथल्या तिथे गाडी विकत मागितली. त्या दिवसांत आम्हाला पैशांची गरज नव्हती असं मी म्हणणार नाही. मला वाटलं, आता ते हो किंवा नाही म्हणून टाकतील, आणि आम्हाला घरी गेल्यावर कळेल.

बाबा म्हणाले, "घरी विचारून सांगतो."

जशुभाई मोठ्याने हसले. "अरे, भाभी तो अहीं ज ऊभां छे!"

बाबा वळले. आई तिथेच मागे उभी होती, डोक्याचा रुमाल सोडून केस सारखे करत. तिच्या चेहऱ्यावर धुळीचा थर होता आणि चष्म्याच्या जागी दोन स्वच्छ गोल. "काय करायचं गं?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं, हे त्यांच्या आवाजात कळत होतं.

आईने त्या गृहस्थांकडे पाहिलं, मग गाडीकडे. "सध्या नाही विकायची," ती म्हणाली. "मंजू पुण्याला गेली की चालवायला कोणीतरी हवं. मला आधी गिअर शिकवा."

बाबांनी चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडून धरला.